पार्किंगच्या भिंतीवरचे आकडे

गुलाबचंद बिसेन यांना राग येतो, असं बिल्डिंगमधले लोक म्हणायचे. ते चूक होतं. येण्यासाठी आधी जावं लागतं, आणि बिसेनजींचा राग कधी कुठं गेलाच नव्हता. तो त्यांच्याकडे राहायलाच होता. दूध पातळ आलं की तो उठून बसायचा, पेपर उशिरा आला की अंगात सदरा घालायचा, आणि खाली पार्किंगमध्ये कोणाची गाडी आडवी दिसली की बिसेनजींच्याही आधी पायऱ्या उतरून जायचा.

आणि खरं सांगायचं तर पार्किंगच्या बाबतीत त्या माणसाचं काही चुकत नव्हतं. गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरच्या ह्या 'हिरवाई अपार्टमेंट'मध्ये हिरवं काय ते नावच, बाकी सगळं सिमेंट. घरं आठ. पार्किंग म्हणजे खाली एका लांबलचक भिंतीला लागून आठ गाड्यांची जागा. फाटकातून आत शिरलं की पहिली जागा जिन्याशी, आणि शेवटची पार आत, सेप्टिक टँकच्या झाकणाजवळ, जिथं भरदुपारीही डासांची सभा भरलेली. कोणाची जागा कोणती, हे बिल्डरनं घरं विकताना प्रत्येकाला तोंडी सांगितलं होतं, आणि प्रत्येकाला एकच सांगितलं होतं: जिन्याजवळची तुमची. बिल्डर रायपूरला निघून गेला. मागं आठ घरं राहिली, आणि आठही घरं जिन्याजवळच्या एकाच जागेची मालक.

इतकी वर्षं बिसेनजी ह्यावर नुसते ओरडत आले होते. आता ओरडून भागणार नव्हतं. त्यांच्या बायकोच्या, सुमित्राबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नागपूरला झालं होतं आणि त्या तिथंच लेकीकडे, नीतूकडे होत्या. घरी नेताना गाडी थेट जिन्याला लावा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या दिवशी त्यांना लांब चालायला लावायचं नाही, नव्या गुडघ्याला हिसका बसता कामा नये. खरं म्हणजे बिसेनजी बायकोजवळच थांबणार होते. पण हॉस्पिटलात कंपाउंडर, लिफ्टवाला आणि शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा मेहुणा, असं तिघांशी भांडण झाल्यावर सुमित्राबाईंनीच त्यांना गोंदियाला पिटाळलं.

"अजी, तुमी घरी जा," त्या म्हणाल्या. "गुडघा बरा होऊन राहिला, पण तुमच्यानं माहा बीपी वाढून राहिला."

तेव्हा बिसेनजी घरी आले ते एकच गोष्ट मनात धरून. बायको यायच्या आत भिंतीवर आकडे टाकायचे आणि जिन्याजवळची जागा मोकळी करून घ्यायची. मग बघतो कोण गाडी लावतो ते.

त्यांनी मीटिंग बोलावली. पार्किंगमध्येच, प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून. सोसायटीचे सेक्रेटरी रत्नपाल रंगारी, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, अजून घसा खाकरत होते तेवढ्यात बिसेनजी उभे राहिले.

"माह्यं ऐका. घराचा नंबर तोच जागेचा नंबर. माह्यं घर एक, माही जागा एक. भिंतीवर आकडे मी काढतो. आकडा एकदा भिंतीवर आला का ती काळ्या दगडावरची रेघ. मंग कोणी तोंड उघडलं, तं त्याची गाडी रस्त्यावर!"

चार नंबरच्या कुंदाबाईंनी लगेच तोंड उघडलं. "आमचे महाराज म्हणतात, चारचा आकडा आमाले सोसत नाही."

"मंग चार नंबरचं घर कायले घेतलं?"

"तवा महाराज भेटले नोते नं."

आठ नंबरचा पीयूष, बाजारात मोबाइलचं दुकान असलेला जवान माणूस, फोनवरची नजर न काढता म्हणाला, "अंकल, ऑनलाइन स्टिकर मंगवा लेते ना. रेडियमवाले. रात में चमकेंगे."

"चमकायले हा काय देवीचा मंडप आहे?"

"आकडे मराठीत घ्या," रंगारी सर म्हणाले, "आणि बिसेनजी, छापा करून काढा. हातानं काढले तर वेडेवाकडे येतात."

हे मात्र बिसेनजींना झोंबलं. छापा करून काढा! कोणाला सांगतो आहे हा मास्तर? गुलाबचंद बिसेन म्हणजे राइस मिलचा गोदामबाबू. गोंदियाहून बाहेर गेलेल्या तांदळाच्या किती पोत्यांवर ह्या माणसानं मार्का मारला असेल, त्याचा हिशेब खुद्द मिलवाल्याजवळ नव्हता. पत्र्याचा छापा, चिंधीचा गोळा, रंगाचं टमरेल, आणि धप्प! पोतं पुढं. छाप्याची गोष्ट त्यांना शिकवणं म्हणजे कोंबडीला अंडं कसं घालायचं ते सांगणं. त्यांनी सर्वांना हात वर करायला लावले. पीयूषनं एका हातात फोन धरून दुसरा वर केला. ठराव पास.

पत्रा आणला. पत्र्यानं आधी बोट कापलं आणि मग भिंतीवर नीट बसेना, कारण भिंत आमच्या बिल्डरची, ती सरळ कशाला असेल! मधेच फुगलेली, मधेच खोल. रंगारी सर पुन्हा आले. सल्ला देणाऱ्या माणसाला जिन्याच्या पायऱ्या कधी लागत नाहीत.

"जुनी एक्स-रेची फिल्म घ्या," ते म्हणाले. "वाकते, भिजत नाही."

सल्ला चांगला होता, म्हणून बिसेनजींना अधिकच राग आला. पण घरात शिरून त्यांनी कपाटावरचं मोठं पाकीट काढलं. आत सुमित्राबाईंचे जुने एक्स-रे. एक फिल्म खिडकीशी धरून त्यांनी पाहिली. तोच गुडघा! ज्याच्यापायी हा सगळा उपद्व्याप चालला आहे तोच. त्यांनी त्याच्याकडे रागानं पाहिलं आणि ब्लेडनं त्यात बरोबर मधोमध तीनचा आकडा कापला. बाकीच्या फिल्मांमधून बाकीचे आकडे निघाले.

दुसऱ्याच दिवशी नीतूचा फोन. "बाबा, ऑपरेशनच्या आधीचा एक्स-रे डॉक्टर मागून राहिले. मोठ्या पाकिटात आहे. फोटो काढून पाठवा."

बिसेनजींनी तिनाचं भोक पडलेली फिल्म शोधली. मग ती खिडकीला चिकटवली, फोटो काढला आणि मनाचा हिय्या करून पाठवून दिला.

थोड्या वेळानं पुन्हा फोन. "बाबा, डॉक्टर विचारून राहिले, गुडघ्यात तीन कसा?"

"मशीनचा दोष असन."

मागून सुमित्राबाईंचा आवाज आला. "मशीनचा नाही, तुह्या बापाचा दोष आहे!"

असो. रंगाचा दिवस उजाडला. बिसेनजींनी सवयीप्रमाणं चिंधीचा गोळा रंगात पूर्ण बुडवला, छाप्यावर ठेवला आणि धप्प! आता, पोतं रंग पितं. तागाला तहान असते. सोसायटीच्या भिंतीला नुकताच डिस्टेंपर दिलेला, ती एक थेंब प्यायला तयार नाही. एक आणि दोन थोडेच ओघळले, पण तीनच्या आकड्यातून रंगाच्या धारा निघाल्या त्या थेट जमिनीपर्यंत.

"काका, तिनाले दाढी आली!" पीयूषची बायको डिंपल गॅलरीतून ओरडली.

त्या हाकेसरशी आठही घरांतली डोकी बाहेर आली. मग काय विचारता! कोणी म्हणे रंग पातळ आहे, कोणी म्हणे घट्ट आहे, कोणी म्हणे भिंत आधी घासायला पाहिजे होती, आणि कुंदाबाई म्हणाल्या की आज अमावास्या आहे. बिसेनजींनी एकेकाला वर पाहून उत्तर दिलं, तेवढ्या वेळात चारलाही दाढी आली. शेवटी गोळा पिळून, जेमतेम ओला ठेवून, हलक्या हातानं ठोकत ठोकत बाकीचे आकडे उतरले आणि दाढ्या पुसून झाल्या. काम झालं, पण त्यांची मान आखडली, हात निळे झाले, आणि एकानंही छान म्हटलं नाही.

उलट डिंपल खाली येऊन म्हणाली, "काका, एक तुटला आहे. आणि चार पण."

आता छाप्यातलं ज्याला कळतं त्याला ठाऊक आहे की एकच्या गोलातला मधला तुकडा सुटून पडू नये म्हणून त्याला बारीक दांड्या सोडाव्या लागतात, आणि त्या दांड्यांच्या जागी रंग लागत नाही. पोत्यावरचा मार्का असाच तुटक असतो. तीच त्याची शान. हे सगळं बिसेनजींनी डिंपलला समजावून सांगितलं, म्हणजे ओरडून सांगितलं. ती "हो काका" म्हणाली. आणि ते हात धुवायला वर गेले तेवढ्यात तिनं मदत म्हणून नेलपॉलिशच्या ब्रशनं सगळ्या फटी भरून टाकल्या. लाल नेलपॉलिशनं. निळा आकडा, मधे लाल टाके. बिसेनजी खाली आले, त्यांनी पाहिलं, आणि हातातला टॉवेल जमिनीवर आपटला.

पण खरी मौज पुढंच होती. आकडे वाळतात न वाळतात तोच कर वसुलीच्या कार्यालयातला एक बाबू फाटकाशी मोटारसायकल लावून आत आला. त्यानं भिंत पाहिली, डोळे बारीक केले आणि विचारलं, "हे आठ गाळे कोणाचे?"

"गाळे? अहो, पार्किंग आहे ही!"

"मंग नंबर काऊन टाकले? नंबर आला म्हणजे गाळा आला. आज गाडी उभी आहे, उद्या शटर लागलं तं आमी कोणाले विचाराचं?"

"शटर कुठं लावू, हवेले? तीन बाजूनं उघडं आहे!"

"ते मले सांगू नका. वर साहेबाले सांगा."

वरचे साहेब जेवायला गेलेले होते. ते दुसऱ्या दिवशीही जेवायलाच गेलेले होते. तिसऱ्या खेपेला भेटले आणि पोट भरलेलं असल्यामुळं शांतपणे म्हणाले, "एक फोटो आणून द्या. प्रत्येक आकड्यासमोर त्या त्या घराची गाडी, आणि गाडीजवळ मालक. म्हणजे पार्किंग आहे हे सिद्ध झालं."

बिसेनजी तिथं टेबलावर हात आपटून आले, पण फोटो काढणं भाग होतं. रविवारी सकाळी सगळ्यांच्या गाड्या बाहेर रस्त्यावर काढवल्या. रंगारी सर मोबाइल घेऊन उभे. बिसेनजी फाटकात, ट्रॅफिक पोलिसासारखे हात करून.

"घर नंबर आठ!"

पीयूषची लांबरुंद गाडी आत आली आणि सरळ जिन्याशी जाऊन उभी राहिली.

"अबे! ती माही जागा आहे!"

पीयूषनं काच खाली केली. "अंकल, आठ लिखा है. आपने ही तो लिखा है."

गाळ्यांच्या भानगडीत आकड्यांचा क्रम कोणी नीट पाहिलाच नव्हता. आता बिसेनजींनी भिंतीकडे पाहिलं. जिन्याजवळ आठ होता. त्यापुढं सात, सहा, पाच. आणि पार आत, सेप्टिक टँकच्या झाकणावर, डासांच्या सभेच्या अध्यक्षस्थानी, लाल टाक्यांचा एक.

हे कसं झालं, ते त्यांना एका क्षणात समजलं, आणि तुम्हालाही सांगतो. गोदामात पोत्यांच्या थप्प्यांना आकडे टाकतात ते आतून. पहिला आलेला माल पार आतल्या भिंतीला लागतो. दाराशी लावला तर पुढचा माल आत न्यायचा कुठून? म्हणून एक नंबर नेहमी आत, आणि शेवटचा दाराशी. सारी उमर गोदामात गेलेल्या ह्या माणसाचे पाय छापा हातात येताच आपसूक आत गेले होते, आणि डोकं दाढ्या पुसण्यात गुंतलं होतं. पोत्यांना बरोबर असलेला आकडा माणसांना उलटा पडला होता.

कुंदाबाई आधी तोंडाला पदर लावून हसल्या, मग पदर सोडून हसल्या. "बिसेनजी, तुमी तं आपल्याच हातानं संडासाच्या टाकीवर जाऊन बसले!"

"पुन्हा रंगवू या," रंगारी सर म्हणाले. "त्यात काय!"

"अंकल, अदला-बदली कर लेते हैं," पीयूष म्हणाला. "आंटी आनेवाली हैं ना."

दोघांचंही म्हणणं सरळ होतं, आणि एखादा शहाणा माणूस तिथंच हो म्हणून मोकळा झाला असता. पण सगळे हसत होते. आणि काळ्या दगडावरची रेघ कोणी मारली होती? तोंड उघडेल त्याची गाडी रस्त्यावर, हे कोण बोललं होतं? बिसेनजींचा चेहरा लाल झाला.

"कोणाची मेहरबानी नाही पायजे मले! आकडा आहे तसाच राहीन. काढा फोटो!"

फोटो निघाला. साहेबांनी तो नीट पाहिला, गाळ्यांचं प्रकरण मिटवलं आणि जाता जाता विचारलं, "तो शेवटी टाकीजवळ उभा आहे, तो चौकीदार का?"

सुमित्राबाईंना आणायचा दिवस आला. नागपूरहून येताना बिसेनजी वाटभर गप्प होते, आणि ते गप्प आहेत म्हणून सुमित्राबाई काळजीत होत्या. फाटकात गाडी शिरली. जिन्याजवळची आठ नंबरची जागा रिकामी होती. पीयूषनं आपली गाडी मुद्दाम बाहेर रस्त्यावर नेऊन ठेवली होती. सगळी बिल्डिंग जिन्यात उभी होती. ती रिकामी जागा पाहून बिसेनजींच्या अंगाचा तिळपापड झाला. उपकार! त्यांनी ब्रेकला पाय लावला नाही. गाडी आठवरून, सातवरून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आत गेली आणि एकवर थांबली.

"अजी, पायऱ्या तं मागं राहिल्या," सुमित्राबाई म्हणाल्या.

"आपला नंबर एक आहे."

"मंग?"

"एक इथं आहे."

"इथं कोणी टाकला?"

बिसेनजींनी गाडी बंद केली. सुमित्राबाईंनी खिडकीतून भिंत पाहिली, लाल टाके पाहिले, नवऱ्याच्या नखांतला निळा रंग पाहिला आणि त्यांना सगळं समजलं.

"माह्या गुडघ्यापेक्षा तुमचा आकडा मोठा झाला का हो?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता.

तोवर पीयूष आणि रंगारी सर प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन धावत आले होते. त्यांनी बाईंना खुर्चीत बसवलं, आणखी दोघांनी हात लावला आणि खुर्ची उचलून सगळी वरात जिन्याकडे निघाली. मागून बिसेनजी, हातात रिकामा वॉकर. त्यांना त्या घडीला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. पण स्वतःवर ओरडायची सवय नव्हती, म्हणून ते डासांवर ओरडले.

रात्रभर ते बाईंशी बोलले नाहीत, बाई त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तसे काही दिवस गेले. मग एका सकाळी बिसेनजी पांढऱ्या डिस्टेंपरची बादली आणि ब्रश घेऊन खाली उतरले. जाऊ द्या मान, जाऊ द्या रेघ. आठवर पहिला फटका मारायला हात उचलला तोच मागून ओरडा आला.

"खबरदार हात लावला तं!"

जिन्याच्या खाली सुमित्राबाई वॉकर धरून उभ्या होत्या. एका बाजूला डिंपल, दुसऱ्या बाजूला व्यायाम शिकवायला येणारी नर्सबाई.

"काऊन? उलटा आहे नं तो!"

"राहू द्या उलटा. ह्या बाई म्हणतात, रोज भिंतीभिंतीनं चालायचं, रोज थोडं पुढं. आज मले सातपर्यंत जायचं आहे. तुमी पुसलं तं मले कसं समजन कुठवर पोचली ते?"

"आणि गाडी? गाडी तं आणतो इकडं!"

"तिथंच राहू द्या. तिथवर यायचं आहे मले."

बिसेनजींनी ब्रश बादलीत टाकला. बाई भिंतीच्या कडेकडेनं वॉकर टेकत निघाल्या. सातच्या आकड्यावर त्यांनी तळवा टेकवला, दम घेतला, आणि परत फिरल्या.

त्या दिवसापासून बिसेनजींना पुन्हा हक्काचं काम मिळालं. भिंतीपासून गाड्या दूर लागल्या पाहिजेत, बाईला जायला वाट पाहिजे, फरशीवर पाण्याचा थेंब नको. जो चुकला त्याची खैर नव्हती. "डोळे फुटले का? वाट सोडून लावता येत नाही? हा काय धानाचा बांध आहे, कुठंही चढवाले?" लोक निमूटपणे गाडी सरकवायचे. बिल्डिंगच्या ग्रुपवर सकाळी सकाळी डिंपलचा निरोप यायचा, काकू सहावर, काकू पाचवर. कुंदाबाईंनी चारवर थांबू नका म्हणून महाराजांचा निरोप आणला, आणि सुमित्राबाई नेमक्या चारवर पाठ टेकून सर्वांत जास्त वेळ उभ्या राहिल्या. दोनवर आल्या तेव्हा वॉकर गेला होता, हातात काठी होती.

आणि एका सकाळी त्या एकवर पोचल्या. डास चावत होते, टाकीचा वास होता, आणि त्या लाल टाक्यांच्या आकड्याला हात लावून हसत होत्या. बिसेनजी गाडीजवळ उभे होते, चेहरा कसा ठेवावा ते त्यांना कळेना. बाईंनी काठी मागच्या सीटवर टाकली, पुढचं दार आपल्या हातानं उघडलं, पाय आत घेतले आणि बसल्या.

"चला."

"कुठं?"

"बोदलकसाले चला. तळं पाहू. नाही तं कुठंही न्या. घरात बसून बसून जीव आंबून गेला."

बिसेनजींनी गाडी सुरू केली, आरशात पाहिलं. मागं कोणाची तरी गाडी आडवी लावलेली. झालं! त्यांनी हॉर्नवर तळवा ठेवला आणि उचललाच नाही. सगळ्या गॅलऱ्यांमध्ये माणसं धावत आली. पीयूष अर्धी दाढी करून बाहेर आला.

"क्या हुआ, अंकल?"

बिसेनजींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या फुलचूरला ऐकू जाईल असं ओरडले.

"गाडी काढा रे! दिसत नाही का? माही बायको चालत येऊन गाडीत बसली आहे!"